योगवर्ग : डोकी मोजायची की टाचा पाहायच्या?

जूनचा तिसरा आठवडा उजाडला की आपल्याकडे योगासनांचा मोसम सुरू होतो. शाळांच्या पटांगणांवर सतरंज्या अंथरल्या जातात, कार्यालयांतून परिपत्रके फिरतात आणि २२ जूनच्या वृत्तपत्रांत एकाच दिशेला वाकलेल्या शेकडो माणसांची छायाचित्रे येतात. छायाचित्राखाली हटकून एक आकडा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी आंतरराष्ट्रीय योगदिनाचा ठराव संमत केला आणि २१ जून २०१५ रोजी दिल्लीच्या राजपथावर, म्हणजे आजच्या कर्तव्यपथावर, ३५,९८५ लोकांनी एकत्र योगासने केल्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. अशा सोहळ्यांनी योगाचे नाव घरोघरी पोहोचले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु योगाच्या प्रसाराचे माप म्हणजे जमलेली डोकी, असा समजही त्याबरोबरच पक्का होत गेला. जमलेल्यांपैकी किती जण ऑगस्ट महिन्यात पुन्हा सतरंजी उलगडतात, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

वास्तविक ज्याने आयुष्यात एखादा चांगला योगवर्ग केला आहे, त्याला वर्गातील पटसंख्या कधीच आठवत नाही. त्याला शिक्षक आठवतो. आसने सर्वत्र तीच. ताडासन, त्रिकोणासन, पश्चिमोत्तानासन, शवासन, यांत कोणाची मक्तेदारी नाही. असे असता एका वर्गात माणूस पंधरा दिवस टिकत नाही आणि दुसऱ्या वर्गाला पावसापाण्यात छत्री सावरीत, पाच मिनिटे आधी जाऊन बसतो, हे कशामुळे घडते? प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. पण सार्वजनिक आरोग्यावरील खर्चाशी, शाळांतील शारीरिक शिक्षणाशी आणि हजारो योगशिक्षकांच्या उपजीविकेशी त्याचा निकटचा संबंध आहे.

दोन वर्ग

प्रस्तुत लेखकाचा या विषयातील अधिकार कंबरदुखीपुरता मर्यादित आहे. फळ्यासमोर वर्षानुवर्षे उभे राहून जडलेल्या या दुखण्यावर उपाय म्हणून प्रथम ज्या वर्गात नाव घातले, तो एका प्रशस्त सभागृहात भरत असे. ऐंशी-नव्वद माणसे, पुढे व्यासपीठ, व्यासपीठावर ध्वनिक्षेपक घेतलेले शिक्षक. ते जाणकार होते, त्यांचे स्वतःचे आसन चित्रासारखे होते आणि आकडे मोजण्यात त्यांची कधी चूक होत नसे. एकोणिसाव्या दिवशी मी जाणे सोडले. मी येईनासा झालो, हे त्यांना कळले असण्याचा संभव नव्हता. कारण मी येत होतो, हेच त्यांना ठाऊक नव्हते.

दुसरा वर्ग एका शाळेच्या खोलीत, बाके भिंतीला सरकवून भरे. माणसे पंधराच्या आसपास. शिकवणाऱ्या बाई चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका. तिसऱ्या दिवशी आम्ही नुसते सरळ उभे असता त्या माझ्या मागे येऊन थांबल्या आणि म्हणाल्या, “सर, तुमचे सगळे वजन उजव्या टाचेवर आहे. डावी टाच नुसती हजेरी लावते आहे.” वर्ग हसला, मीही हसलो. पण दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात फळ्याकडे वळताना पाहिले, तो खरेच सारा भार उजव्या पायावर. वीस वर्षे मी तसाच उभा राहत आलो होतो आणि ते कोणी मला सांगितले नव्हते. क्षकिरण चित्रात ते दिसले नव्हते आणि औषधाच्या चिठ्ठीत लिहिले गेले नव्हते. त्या एका वाक्यामुळे मी त्या वर्गात टिकलो.

पहिल्या शिक्षकांना कमी येत होते, असे मला म्हणावयाचे नाही. ऐंशी माणसांच्या टाचा व्यासपीठावरून कोणालाच दिसणार नाहीत. त्यांच्या ज्ञानात उणीव नव्हती, त्यांना पाहण्याची सोयच नव्हती. वर्ग लक्षात राहतो की नाही, हे बहुतांशी या सोयीवर ठरते.

दुर्मीळ काय आहे?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच तासाला शिकवले जाते की, मूल्य दुर्मीळतेतून येते. मग योगवर्गात दुर्मीळ काय आहे, हे आधी ठरवले पाहिजे. आसनांची माहिती निश्चितच नाही. बी. के. एस. अय्यंगार यांचा ‘लाइट ऑन योगा’ हा ग्रंथ १९६६ साली सुमारे सहाशे छायाचित्रांसह प्रसिद्ध झाला, तेव्हापासून दोनशे आसनांची कृती पुस्तकाच्या दुकानात उपलब्ध आहे. आज तीच माहिती भ्रमणध्वनीवर फुकट मिळते. २०२० साली टाळेबंदीत कित्येक वर्ग पडद्यावर गेले, आणि सूचना जशाच्या तशा ऐकू येत असूनही अनेकांना काहीतरी हरवल्यासारखे वाटले. सूचना पोहोचत होत्या. पण पडद्यावरील हाताएवढ्या चौकटीत शिक्षकाला आपली टाच दिसत नव्हती आणि ती दिसत नाही, हे आपल्यालाही कळत होते.

हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ सालीच दाखवून दिले होते की, माहितीची सुबत्ता झाली म्हणजे लक्ष या वस्तूची टंचाई निर्माण होते. योगवर्गाला हे तंतोतंत लागू पडते. शिष्य फी भरतो ती माहितीसाठी नव्हे. आपल्याकडे कोणीतरी जाणत्या नजरेने पाहावे, चुकले तर सांगावे आणि आपल्या शरीराला आज किती झेपेल याचा अंदाज आपल्या वतीने घ्यावा, यासाठी तो फी भरतो. ही जाणती नजर हीच योगवर्गातील दुर्मीळ वस्तू होय.

पुण्यातील एक धडा

या नजरेचे सामर्थ्य महाराष्ट्राने फार जवळून पाहिले आहे. १९३७ साली, वयाची एकोणीस वर्षेही पूर्ण झाली नसताना, अय्यंगार हे आपले गुरू आणि मेहुणे टी. कृष्णमाचार्य यांच्या सांगण्यावरून पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर योग शिकवण्यासाठी आले. मुक्काम सहा महिन्यांचा ठरला होता. मराठी येत नव्हते, इंग्रजी तोकडे होते, समोरचे विद्यार्थी वयाने मोठे आणि शिक्षणाने पुढे गेलेले होते. बालपणी हिवताप, विषमज्वर आणि क्षय यांनी शरीर पोखरलेले. अशा शिक्षकापाशी वक्तृत्वाचे भांडवल असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्यापाशी होते ते स्वतःच्या दुबळ्या शरीरावर केलेल्या प्रयोगांतून आलेले ज्ञान आणि दुसऱ्याच्या शरीराकडे पाहण्याची तीक्ष्ण दृष्टी. सहा महिन्यांचा तो मुक्काम २० ऑगस्ट २०१४ रोजी त्यांच्या निधनापर्यंत लांबला.

१९५२ साली मुंबईत व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइन यांच्याशी त्यांची भेट झाली. पाच मिनिटांसाठी ठरलेली ती भेट कितीतरी लांबली. थकून गेलेल्या त्या कलावंताला अय्यंगारांनी प्रथम काय शिकवले? अवघड आसन नव्हे, तर शवासन. समोरच्या माणसाला त्या क्षणी कशाची गरज आहे, हे त्यांनी ओळखले. पुढे १९५४ साली मेन्युइन त्यांना स्वित्झर्लंडला घेऊन गेले आणि तेथून त्यांच्या कार्याचा परदेशात प्रसार सुरू झाला.

अय्यंगारांनी वर्गात आणलेली साधने याच दृष्टीने पाहावयास हवीत. लाकडी वीट, पट्टा, घडी घातलेले घोंगडे, भिंतीला बांधलेला दोर, साधी लोखंडी खुर्ची. ज्याचा हात त्रिकोणासनात जमिनीला लागत नाही, त्याच्यासाठी जमीनच विटेएवढी वर आणावयाची, असा त्यामागील विचार आहे. पतंजलींनी आसनाचे लक्षण सांगताना स्थैर्य आणि सुख या दोन्ही गोष्टी एकत्र मागितल्या. साठीच्या माणसाला विटेशिवाय त्रिकोणासनात स्थैर्यही मिळत नाही आणि सुखही मिळत नाही, मिळतो तो केवळ अपमान. १९७५ साली पुण्यात मॉडेल कॉलनीमध्ये त्यांच्या पत्नीच्या स्मरणार्थ उभी राहिलेली रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था जगभरच्या अभ्यासकांना आकर्षित करीत आली. तेथे येणाऱ्यांना आसनांची नावे आधीच पाठ असत. ते येत ते आपल्याकडे पाहिले जावे म्हणून.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. अय्यंगारांचा धाक, त्यांचा चढा आवाज आणि प्रसंगी पाठीवर बसणारी थाप सर्वश्रुत आहे. वर्ग संस्मरणीय होण्यासाठी शिक्षकाने गोडच बोलावे, असा नियम नाही, इतके त्यावरून सिद्ध होते. परंतु थाप मारल्याने कोणी अय्यंगार होत नाही, हेही तितकेच खरे. आजच्या शिक्षकाने शिष्याच्या अंगाला हात लावण्यापूर्वी त्याची, आणि विशेषतः तिची, संमती घेतलीच पाहिजे. ज्याची नजर आणि शब्द नेमके आहेत, त्याला हाताची गरज क्वचितच लागते.

आनंद कशात असतो?

वर्ग आनंददायक करण्यासाठी हल्ली संगीत, सुगंधी धूप, रंगीत दिवे अशी सामग्री वाढत चालली आहे. तिला माझा विरोध नाही. परंतु अनुभवी माणसांना विचारले, तर ती वेगळ्याच गोष्टी सांगतात. पहिली म्हणजे क्रम. सर्वांगासनापूर्वी खांदे तयार करून घेतले आहेत, पुढे वाकण्यापूर्वी मांड्यांचे मागचे स्नायू सैल केले आहेत, तर शिष्याला काल न जमलेली गोष्ट आज सहज जमल्यासारखी वाटते. हा सहजपणा शिक्षकाने आदल्या रात्री बसून आखलेला असतो. दुसरी गोष्ट भाषा. “श्वासाकडे लक्ष द्या” हे वाक्य आपण हजार वेळा ऐकतो आणि हजार वेळा विसरतो. “छातीच्या मागच्या बाजूने श्वास घेता येतो का पाहा,” असे आमच्या बाईंनी म्हटले आणि वर्गात एकदम शांतता पसरली. आपल्याला पाठीनेही श्वास जाणवतो, हा शोध पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला लहान मुलासारखा आनंद देतो.

तिसरी गोष्ट म्हणजे कमी करण्याची मुभा. आपल्या समाजाला शाळेपासून शर्यतीची सवय आहे. शेजाऱ्याचे कपाळ गुडघ्याला टेकले की आपणही कंबर ताणतो आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठता येत नाही. “आज इतके पुरे” हे शिक्षकाने सांगावे लागते, कारण शिष्य स्वतःहून ते मान्य करीत नाही. वज्रासनात ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी न मागता घोंगडीची घडी पुढे करणारा शिक्षक वर्षानुवर्षे स्मरणात राहतो. चौथी गोष्ट शेवटचे शवासन. वेळ संपत आली म्हणून ते दोन मिनिटांत उरकणारा वर्ग आणि त्यासाठी दहा मिनिटे राखून ठेवणारा वर्ग, यांतील फरक घरी परतणाऱ्या माणसाच्या चालण्यात दिसतो. आणि पाचवी, शिक्षकाने स्वतःच्या शरीराचे प्रदर्शन किती करावे याचे भान. एकदा आसन दाखवून जो खाली उतरतो आणि रांगांतून फिरू लागतो, तो शिकवतो. जो सारा वेळ पुढे उभा राहून स्वतःच करून दाखवतो, तो व्यायाम करतो, आणि त्याची फी आपण भरतो.

वरील पाचांपैकी एकही गोष्ट दैवी देणगी नव्हे. प्रत्येक गोष्ट शिकता येते आणि शिकवता येते. मात्र प्रत्येकीला वेळ लागतो, आणि वर्गाचा आकार मर्यादित असावा लागतो.

खर्चाचे गणित

येथेच अडचण सुरू होते. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली, योगायोगाने ‘लाइट ऑन योगा’च्याच वर्षी, रंगभूमी आणि संगीत यांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. कारखान्यात यंत्रे येतात आणि एका तासात पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक माल निघतो. परंतु चार वादकांनी वाजवावयाची रचना शंभर वर्षांपूर्वी जितका वेळ घेत असे, तितकाच आजही घेते. साहजिकच अशा सेवा इतरांच्या तुलनेने महाग होत जातात आणि त्यांत काटकसर करण्याचा मोह बळावतो. अध्यापन, शुश्रूषा आणि योगशिक्षण ही सारी याच पंक्तीतली. एका तासाचा वर्ग अर्ध्या तासात घेता येत नाही. मग काटकसर करावयाची ती कोठे? शिष्यांची संख्या वाढवून आणि शिक्षकाचे मानधन दाबून.

ही काटकसर खरोखर काटकसर आहे काय, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. समजा, एका शिक्षकाला महिन्याला नऊ हजार रुपये दिले. वर्गात साठ जण घेतले तर दरडोई खर्च दीडशे रुपये आणि पंधराच घेतले तर सहाशे रुपये. कागदावर पहिला वर्ग चौपट स्वस्त. आता समजा, सहा महिन्यांनी साठांपैकी सहा जण उरले आणि पंधरांपैकी नऊ. तर टिकलेल्या प्रत्येक माणसामागे पहिल्या वर्गाचा खर्च दीड हजार रुपये होतो आणि दुसऱ्याचा एक हजार. आकडे मी गृहीत धरलेले आहेत, कोणी ते बदलून पाहावेत. मुद्दा इतकाच की, योगाचा लाभ पहिल्या दिवशी नव्हे, तर सातत्याने मिळतो. म्हणून स्वस्त-महाग ठरवताना छेद म्हणून टिकलेल्यांची संख्या घेतली पाहिजे, जमलेल्यांची नव्हे.

सामुदायिक कवायतीचा पक्ष मी पूर्णपणे डावलत नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार रुजवले, ते सामुदायिक पद्धतीनेच. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनीही शाळांसाठी योगाचा अभ्यासक्रम आखताना पटांगणावरील मोठ्या वर्गांचा विचार केला होता. गरीब देशात मोठ्या संख्येपर्यंत पोहोचावयाचे तर दुसरा मार्ग नव्हता. परंतु कुवलयानंदांनी त्याच वर्षी प्रयोगशाळाही काढली आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही सुरू केले, आणि पुढे त्यांच्या संस्थेने योगशिक्षक घडवण्यासाठी स्वतंत्र महाविद्यालय उभारले, हे आपण विसरतो. दहा वर्षांच्या मुलाची कवायत आणि पन्नास वर्षांच्या मधुमेही माणसाचे आसन, या दोन गोष्टींना एकच ध्वनिक्षेपक पुरत नाही.

विनामूल्य वर्गांची एक थोर परंपराही आपल्याकडे आहे. नागपुरात जनार्दनस्वामींनी स्थापन केलेल्या योगाभ्यासी मंडळाने ती निष्ठेने चालवली. तिच्याबद्दल आदर बाळगूनही एक सांगावेसे वाटते. विनामूल्य याचा अर्थ विनाखर्च असा होत नाही. तो खर्च कोणाच्या तरी निवृत्तिवेतनातून, कोणाच्या तरी घरच्या उत्पन्नातून भागलेला असतो. सेवाभावी शिक्षकाकडे बोट दाखवून उपजीविकेसाठी शिकवणाऱ्या तरुणाला तुटपुंज्या मानधनावर राबवणे न्याय्य नव्हे. आज योगाची पदविका घेतलेली कित्येक मुले-मुली तासिका तत्त्वावर तीन-चार ठिकाणी धावतात. आमच्या महाविद्यालयीन क्षेत्राला हे तत्त्व चांगलेच परिचयाचे आहे. सकाळी सहा ते नऊ या वेळात तीन वर्ग उरकणाऱ्या शिक्षिकेला प्रत्येकाची टाच पाहण्यास सवड कोठून मिळणार? तिला तर पुढची बस गाठावयाची असते.

काय करता येईल?

शासनाने योगासाठी काही केले नाही, असे म्हणता येणार नाही. २०१५ च्या वित्त कायद्याने तर आयकराच्या दृष्टीने धर्मादाय उद्देशांच्या व्याख्येत योगाचा स्वतंत्र उल्लेख केला. संस्थांना मिळणारी ही सवलत शिक्षकांपर्यंत आणि शिष्यांपर्यंत झिरपावी, यासाठी काही साध्या अटी घालणे अशक्य नाही. सार्वजनिक पैशातून किंवा सवलतीतून चालणाऱ्या प्रौढांच्या वर्गांना वीस जणांची मर्यादा असावी. नव्या शिक्षकाने स्वतंत्र वर्ग घेण्यापूर्वी निदान सहा महिने जाणत्या शिक्षकाच्या वर्गात, मागच्या रांगेत उभे राहून, नुसते पाहण्याची उमेदवारी करावी आणि त्या काळात त्याला विद्यावेतन मिळावे. मानधन तासिकेवर न देता महिन्यावर द्यावे, म्हणजे वर्ग संपल्यावर कोणा एकाच्या गुडघ्यासाठी दहा मिनिटे थांबणे शिक्षकाला परवडेल. आणि २१ जूनच्या उपस्थितीबरोबरच २१ डिसेंबरची उपस्थितीही प्रत्येक संस्थेने जाहीर करावी. या शेवटच्या सूचनेला एक पैसाही लागत नाही. केवळ सत्य सांगण्याची तयारी लागते.

यावर असा आक्षेप येईल की, योग ही मुळात एकट्याने करावयाची साधना आहे, शिक्षकाचे एवढे स्तोम कशाला? आक्षेपात तथ्य आहे. चांगल्या शिक्षकाचे यश शिष्याला त्याची गरज कमी होत जाण्यातच असते. परंतु एकट्याने करावयाचे ते नीट करता येण्यापूर्वी कोणीतरी आपल्याला पाहिलेले असावे लागते. आमच्या बाईंचा वर्ग त्यांच्या प्रकृतीमुळे गेल्या वर्षी बंद झाला. मी आता घरीच, खिडकीपाशी, जमेल तसे करतो. उभा राहिलो की डाव्या टाचेची आठवण होते आणि भार दोन्ही पायांवर येतो.

महाविद्यालयात माझ्या वर्गाचा पट एकशेवीसचा आहे. हजेरी घेताना मी आकडे पुकारतो आणि मुले ‘उपस्थित’ म्हणतात. त्यांच्यापैकी किती जण डाव्या टाचेसारखी नुसती हजेरी लावत आहेत, हे व्यासपीठावरून मलाही दिसत नाही. म्हणूनच पहिल्या वर्गातील त्या ध्वनिक्षेपकवाल्या शिक्षकांना दोष देण्याचा मला फारसा अधिकार नाही. पण ज्या व्यवस्थेने त्यांना आणि मला व्यासपीठावर खिळवून ठेवले आहे, तिला मात्र जाब विचारला पाहिजे.